गाव बदलले की मन बदलते का?

कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि मुंबईला जाणारी विदर्भ एक्स्प्रेस, या दोन्ही गाड्या गोंदियाहूनच सुटतात. त्यामुळे सामान चढवायला आणि निरोप द्यायला फलाटावर भरपूर वेळ मिळतो. जून-जुलै महिन्यांत इथे एक दृश्य नेहमीचे असते. नुकताच शिक्षण संपवलेला मुलगा, दोन बॅगा, घरून दिलेला चिवड्याचा डबा आणि डोळे पुसणारी आई. मुलाच्या डोक्यात एकच गणित असते, ‘इथे काही नाही, पुण्याला पोहोचलो की आयुष्य मार्गी लागले.’ त्याच सुमारास सातारा-सांगलीकडून देवरी किंवा सालेकसा तालुक्यात बदली होऊन आलेला एखादा कर्मचारी नेमके उलटे गणित मांडत असतो, ‘इथून एकदा सुटलो की सुखी होईन.’

दिवाळीला मुलगा घरी येतो. वजन उतरलेले, झोप नीट नाही, मोबाइल हातात पण लक्ष कुठेच नाही. आईने खोदून विचारले तर एवढेच म्हणतो, ‘‘तिकडे मन लागत नाही.’’ मग नातेवाइकांकडून दोन प्रकारचे सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, ‘‘परत बोलावून घ्या, शहर मानवले नाही त्याला.’’ दुसरा म्हणतो, ‘‘सगळे मानण्यावर असते. मन घट्ट करायला सांगा.’’

पहिल्या सल्ल्यानुसार सुख गावात असते, दुसऱ्यानुसार ते स्वभावात असते. यातले खरे काय, हे मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ गेल्या सुमारे ५० वर्षांपासून मोजून पाहत आहेत. हा नुसता चर्चेचा विषय नाही. उत्तर चुकले तर आजारी माणसाचे उपचार लांबतात, म्हाताऱ्या आई-वडिलांना नको तिथे हलवले जाते आणि धडपडणाऱ्या मुलाच्या माथी आळशीपणाचा शिक्का बसतो.

दुरून डोंगर साजरे

१९९८ साली डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन या दोन संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे २,००० विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. निम्मे विद्यार्थी कॅलिफोर्नियात राहणारे होते. तिथे ऊन सौम्य आणि समुद्र जवळ. उरलेले मध्य-पश्चिम भागातील होते, जिथे हिवाळा कडक असतो. आयुष्यात आपण किती समाधानी आहोत, असे विचारल्यावर दोन्ही गटांची उत्तरे जवळपास सारखी आली. मात्र ‘दुसऱ्या भागात तुमच्यासारखा विद्यार्थी किती समाधानी असेल?’ असे विचारल्यावर दोन्ही गटांनी कॅलिफोर्नियाला झुकते माप दिले.

असे का होते? दोन गावांची तुलना करताना मन फक्त ठळक फरकांकडे पाहते. पुणे म्हटले की पगार, मोठ्या कंपन्या, रुंद रस्ते दिसतात. चौघांत मिळून घेतलेली खोली, मेसचे जेवण, कंपनीपर्यंतचा दीड तासाचा प्रवास आणि ताप आल्यावर कपाळावर हात ठेवायला कोणी नसणे, हे दिसत नाही. पुण्यातून नवेगावबांधला दोन दिवस फिरायला आलेल्या पाहुण्याचेही तसेच होते. त्याला तलाव, पक्षी आणि शांतता दिसते. रात्री बाळंतीण अडली तर वाहन कुठून आणायचे, हा प्रश्न त्याच्या नजरेसमोर येत नाही. आपल्याकडे ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतात, त्याचेच हे मोजमाप झाले.

मन कशाला सरावते, कशाला नाही

नवीन सुखाची सवय होते, हे आणखी एका गाजलेल्या अभ्यासात दिसले. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी जिंकलेले २२ जण, अपघातात हातपाय लुळे पडलेले २९ जण आणि सामान्य परिस्थितीतले २२ जण यांच्याशी बोलून माहिती घेतली. लॉटरी जिंकलेले लोक इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झाला होता.

या अभ्यासाचा दाखला देताना अनेकदा एक चूक होते. ‘अपघातग्रस्तही इतरांइतकेच सुखी होते’ असे सांगितले जाते. तसे आढळले नव्हते. ते लोकांना वाटले असते त्यापेक्षा बरे होते, पण इतरांपेक्षा कमी सुखी होते. पुढे जर्मनीतील हजारो कुटुंबांची वर्षानुवर्षे जमवलेली माहिती तपासली गेली, तेव्हाही हेच चित्र दिसले. लग्नाने वाढलेला आनंद काही वर्षांत बहुतेकांच्या बाबतीत पूर्वीच्या पातळीवर येतो, पण नोकरी गेल्याचा घाव नवी नोकरी मिळाल्यावरही पूर्ण भरत नाही.

थोडक्यात, मन सगळ्याच गोष्टींना सारखे सरावत नाही. नवे घर, नवी गाडी, नव्या शहराचे नावीन्य यांची सवय लवकर होते. सततचा आवाज, अपुरी झोप, जुनाट दुखणे, बेकारी आणि रोजचा लांबचा प्रवास यांची सवय झाल्यासारखी वाटते, पण ती खऱ्या अर्थाने होत नाही. अलोईस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मन माहितीवरूनच दाखवले की, ज्यांचा कामाचा प्रवास लांबचा, त्यांचे समाधान कमी. जास्त पगार किंवा स्वस्त घर मिळूनही ती तूट भरून निघत नव्हती. शहर निवडताना लोक पगाराचा आकडा विचारतात, खोलीपासून कामाचे ठिकाण किती दूर हे विचारत नाहीत. प्रत्यक्षात दुसरा आकडा रोज सकाळ-संध्याकाळ भोगावा लागतो.

जागेचेही वजन असतेच

मग ‘सगळे मानण्यावर असते’ हेच खरे का? तसेही नाही. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतील अतिशय गरीब वस्त्यांत राहणाऱ्या सुमारे ४,६०० कुटुंबांवर एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून काही कुटुंबांना कमी गरीब वस्तीत जाण्यासाठी घरभाड्याची मदत देण्यात आली. चिठ्ठ्यांमुळे दोन्ही गटांतील माणसे स्वभावाने सारखीच होती. फरक होता तो जागेचा.

दहा ते पंधरा वर्षांनी तपासले तेव्हा स्थलांतर केलेल्यांची कमाई वाढलेली नव्हती. तरीही अतिलठ्ठपणा आणि मधुमेह यांचे प्रमाण त्यांच्यात कमी होते, मनःस्वास्थ्य बरे होते आणि समाधान स्पष्टपणे जास्त होते. खिशात तेवढाच पैसा, स्वभाव तोच, पण रात्री गोळीबाराची भीती नाही. एवढ्याने फरक पडला.

जगाच्या पातळीवरही असेच दिसते. जागतिक आनंद अहवाल २०१२ पासून प्रसिद्ध होतो. त्यात लोकांना शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणायला सांगतात आणि ‘आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात?’ असे विचारतात. २०२५ च्या अहवालात फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला होता आणि १४७ देशांत भारत ११८ वा. या क्रमवारीवर आपल्याकडे दरवर्षी वाद होतो. पण २०१८ च्या अहवालातील एक निष्कर्ष क्रमवारीपेक्षा महत्त्वाचा आहे. त्या वर्षी ११७ देशांत बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या लोकांचे समाधान वेगळे मोजले गेले. ते मूळ देशापेक्षा नव्या देशातील स्थानिकांच्या पातळीच्या जवळ गेलेले आढळले. माणूस तोच असतो, तरी नव्या जागेतील व्यवस्था, सुरक्षितता आणि परस्परविश्वास हळूहळू त्याच्या मनात उतरतात.

मोठ्या शहराची दुसरी बाजूही आहे. २०१० साली श्रीमंत देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता शहरांत नैराश्यासारखे मनोविकार ग्रामीण भागापेक्षा ३९ टक्क्यांनी आणि चिंतेचे विकार २१ टक्क्यांनी जास्त आढळले. २०११ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी मेंदूची छायाचित्रे घेतली. कोणी आपल्याला कमी लेखत आहे असा ताण आला की मेंदूतील भीतीचे केंद्र, म्हणजे अमिग्डाला, शहरात राहणाऱ्यांमध्ये अधिक उत्तेजित होत होते. आपल्या देशात २०१५-१६ साली निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. गोंदियाला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्ये तिच्यात होती. तिथेही महानगरांत मानसिक आजारांचे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा जास्त आढळले.

म्हणून गाव सुखी आणि शहर दुःखी, असे मात्र नाही. गावात माणसे जवळ असतात, पण नजराही जवळच असतात. मानसोपचार घेतोय हे कळले तर लग्न जुळणार नाही, या भीतीने अनेक कुटुंबे आजार झाकून ठेवतात. काही तरुण-तरुणींना शहरातला अनोळखीपणाच मोकळा श्वास देतो.

गोठणगावची वस्ती

जागा आणि मन यांचे नाते समजून घ्यायला दूर जायची गरज नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव आहे. तिथे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची ‘नॉर्ग्येलिंग’ ही वसाहत आहे. सरासरी ४,००० मीटरहून उंच आणि थंड पठारावरची माणसे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या धानपट्ट्यात येऊन राहिली. हवामान, पीक, भाषा, अन्न, सगळेच परके. निव्वळ जागेवर सुख अवलंबून असते तर ही वस्ती टिकायला नको होती.

या माणसांना एक गोष्ट मिळाली. त्यांना एकेकटे विखरून न टाकता एकत्र वसवण्यात आले. त्यामुळे प्रार्थनास्थळ, भाषा, सण आणि एकमेकांच्या सुखदुःखाला धावून जाणे टिकले. धरमशाला इथे नव्याने आलेल्या ७६९ तिबेटी निर्वासितांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अनेकांनी छळ आणि जीवघेणा प्रवास सोसला होता, तरी मानसिक त्रासाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी होते. धार्मिक आचरण आणि घडलेल्या गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी यांचा त्यात वाटा असल्याचे संशोधकांना आढळले. ही दृष्टी एकट्याने कमावलेली नसते. ती आजूबाजूच्या माणसांकडून मिळते आणि त्यांच्यामुळेच टिकते.

याच तालुक्यातले दुसरे उदाहरण मारुती चितमपल्ली यांचे. सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले. ज्या भागातील नेमणूक अनेकांना शिक्षा वाटते आणि जिथल्या नक्षलग्रस्त पट्ट्यात काम करणाऱ्यांसाठी शासनाला एकस्तर वेतनश्रेणी द्यावी लागते, तिथे त्यांनी इथल्या जाणकारांकडून पक्ष्यांची, झाडांची नावे आणि सवयी शिकून घेतल्या. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक त्यातून आले. आयुष्याच्या शेवटी ते सोलापूरला परतले आणि २०२५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. जागा तीच, पण ‘किती दिवस काढायचे’ असे मोजत बसणाऱ्याला आणि ‘हे काय आहे’ असे विचारत फिरणाऱ्याला ती वेगवेगळी दिसते.

वृत्ती किती हातात असते?

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, माणसामाणसांच्या समाधानात जो फरक असतो, त्यातील साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग आनुवंशिक असतो. याचा अर्थ प्रत्येकाचे निम्मे सुख जन्मतः ठरलेले आहे, असा नाही. काहींचा मूळ स्वभाव आनंदी आणि काहींचा काळजीखोर असतो, एवढाच त्याचा अर्थ.

‘परिस्थितीचा वाटा फक्त १० टक्के, ४० टक्के तुमच्या हातात’ हे वाक्य व्याख्यानांत हमखास ऐकू येते. २००५ साली सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलेला तो ढोबळ अंदाज होता आणि पुढे त्यावर बरीच टीका झाली. ज्यांना घर, पाणी, वीज आणि सुरक्षितता आधीच मिळालेली आहे, अशांमध्ये परिस्थितीचा वाटा कमी दिसणारच. ऐन कापणीत पाऊस येऊन धान शेतात भिजले आणि कर्ज डोक्यावर असेल, त्या घराला हा १० टक्क्यांचा हिशेब सांगणे क्रूरपणा आहे.

कोलकात्यात २००१ साली रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी झोपडपट्टीत राहणाऱ्या, फूटपाथवर झोपणाऱ्या आणि वेश्याव्यवसायातील ८३ जणांशी बोलून त्यांचे समाधान मोजले. एकूण आयुष्याबद्दलचे समाधान मधल्या रेषेच्या किंचित खाली होते, पण कुटुंब आणि मित्र यांच्याबाबत ते चांगले होते. पुढे तुलना केली तेव्हा कोलकात्यातील बेघर अमेरिकेतील बेघरांपेक्षा अधिक समाधानी निघाले, कारण त्यांची माणसे त्यांच्यासोबत होती. गरिबी चांगली, असा याचा अर्थ कोणी काढू नये. नाती कठीण परिस्थितीचा मार थोडा कमी करतात, एवढेच यातून दिसते.

‘मन घट्ट कर’ हा सल्ला नैराश्याच्या रुग्णाला तर मुळीच लागू पडत नाही. नैराश्य हा आजार आहे, वृत्तीचा दोष नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना सोडून दिलेल्या छोट्या छोट्या गोष्टी पुन्हा करायला मदत केली. फिरायला जाणे, कोणाशी बोलणे, अडलेले एखादे काम हातात घेणे. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. विचार बदलण्याची वाट न पाहता आधी कृती बदलली आणि मन मागून आले. पण त्यासाठी हात धरणारे कोणी तरी लागले.

मंडईत काय मिळते?

हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ पासून आजपर्यंत चालू आहे. सुरुवातीला त्यात ७२४ पुरुष होते, काही विद्यापीठातील, तर बरेचसे बोस्टनच्या गरीब वस्त्यांतील. म्हातारपणी कोण निरोगी आणि समाधानी राहिले, हे पाहताना जवळच्या माणसांशी असलेले चांगले संबंध हा सर्वांत भक्कम धागा सापडला.

झाडीपट्टीला हे नवीन नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. सासरी गेलेल्या लेकी येतात, सोयरिकी जुळतात, दंडार होते, रात्रभर नाटक चालते. पुण्याहून आलेला मुलगा त्या गर्दीत चार दिवस हसतो-बोलतो आणि घरच्यांना वाटते, ‘बघा, गावी आल्यावर बरा झाला.’ त्याला बरे वाटते ते माणसांमुळे. गावाच्या पाण्यात औषध नसते.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने घडते. वडील गेल्यावर मुलगा आईला प्रेमाने नागपूरच्या फ्लॅटमध्ये नेतो. घरात कूलर, टीव्ही, वेळेवर जेवण. तरी सहा महिन्यांत ती अबोल होते, भूक मंदावते. गावात दिवसभरात दहा जणी दारावरून हाक मारत होत्या. इथे मुलगा-सून कामाला गेले की संध्याकाळपर्यंत दाराची घंटा वाजत नाही. तिला न्यायचेच असेल तर आधी महिना-दोन महिने राहून पाहावे, तिच्या भाषेत बोलणारे शेजारी आहेत का, जवळ बसायला मंदिर किंवा बाग आहे का, हे पाहावे. मधूनमधून गावी जाण्याची सोयही ठेवावी.

जायचे की राहायचे, ठरवताना

गाव सोडताना पगारासोबत आणखी चार गोष्टी विचाराव्यात. कामाची जागा खोलीपासून किती दूर? रात्री शांत झोप मिळेल का? आजारी पडल्यावर दार वाजवता येईल असे एक तरी घर ओळखीचे आहे का? आठवड्यातून एकदा चार माणसांत मिसळण्याचे निश्चित ठिकाण कोणते? नव्या ठिकाणी पहिले काही महिने जड जातात, हे आधीच माहीत असावे. त्या काळात रात्री-रात्री जागून गावाकडच्या लोकांशी मोबाइलवर बोलण्यापेक्षा जवळच्या दोन माणसांशी ओळख वाढवणे अधिक उपयोगी पडते. इथे बदलीवर आलेल्यांनाही हेच लागू आहे.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, कामात लक्ष न लागणे अशी लक्षणे दिसली तर गाव की शहर ही चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. शासकीय रुग्णालयांतही मानसोपचार मिळतात.

आणि राहिली ती जागा. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला, २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी अनेक आजारांसाठी रेल्वेने १३० किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागे. रस्ता, दवाखाना, रोजगार आणि सुरक्षितता या गोष्टी माणसाच्या समाधानात मोजता येण्याइतकी भर घालतात. म्हणून ‘सुख मानण्यावर असते’ हे वाक्य माणसाने स्वतःला सांगावे, पण दुसऱ्याची अडचण टाळण्यासाठी वापरू नये.

दिवाळीला आलेल्या त्या मुलाला परत बोलावायचे की धीर द्यायचा, हे ठरवण्याआधी त्याला शेजारी बसवून विचारावे, ‘‘तिकडे तुझे कोण आहे?’’ उत्तरादाखल तो गप्प राहिला, तर नेमके काय कमी आहे ते कळेल. ते गोंदियात राहूनही कमी पडू शकते आणि पुण्यात राहूनही मिळवता येते.